खळ्यावरची बारखाण

रुख्मिणीबाई मावला गावच्या मराठी शाळेत हंगामी शिक्षिका होत्या. आज तपासनीस भगवंतराव त्यांचा भूगोलाचा तास बघायला आले होते. तास जमला तर नोकरी कायम, नाहीतर घरचा रस्ता. आणि धडा निघाला वाळवंटाचा! वाऱ्याने रचलेली, चंद्रकोरीच्या आकाराची वाळूची टेकडी, तिचं नाव बारखाण. नाव पोरांना तोंडपाठ, पण काळ्या मातीतल्या पोरांनी टेकडी बघायची कुठे?

बाईंना एकदम शाळेमागचं खळं आठवलं. तिथे शेतकरीण बयनाबाई उंच तिवईवर उभी राहून सुपाने ज्वारी वाऱ्यावर उपणत होती. "चला रे सगळे!" म्हणत त्यांनी अख्खा वर्ग अनवाणी बाहेर काढला. मागोमाग साहेबही निघाले, चकचकीत बूट घालून.

"ओ साहेब!" बयनाबाई तिवईवरून कडाडली. "रास पडून राह्यली अन् तुमी बूट घालून खळ्यात काऊन आले? काढा आधी!"

साहेब दचकून जागीच बसले आणि नाड्या सोडू लागले. बसले ते नेमके वाऱ्याच्या वाटेत, वाऱ्याकडे पाठ करून. त्यात नाडीला बसली गाठ. बयनाबाईचं सूप काही थांबेना, आणि कुटार, म्हणजे ज्वारीचा हलका भुसा, भुरुभुरु उडत त्यांच्या पाठीशी साचू लागलं. साहेब दोनदा शिंकले आणि उठायला लागले.

"हलू नका, साहेब!" बाई ओरडल्या, आणि लगेच त्यांची गाळण उडाली. गेली नोकरी! पण साहेबांच्या पाठीशी काय सुरेख ढीग चढला होता! त्याची दोन शिंगं दोन्ही बाजूंनी थेट गुडघ्यांपर्यंत आली होती.

"बारखाण! बारखाण!" पोरं नाचायला लागली.

"हा शब्द आला कुठून?" साहेबांनी मिशीतलं कुटार झटकत विचारलं.

बाईंना हसू आवरेना. "मध्य आशियातल्या तुर्की बोलणाऱ्या लोकांचा, साहेब. अर्थ हाच, वाळूची टेकडी. त्यांच्याकडून रशियन लोकांनी उचलला, मग पुस्तकात आला."

"वाऱ्यात उभं राह्यणाऱ्यानंच ठेवलं असन नाव," बयनाबाई वरून म्हणाली. "पुस्तकवाल्याले काय ठावं?"

साहेब उठले नाहीत. "मागच्या पोरांना दिसली का?" त्यांनी विचारलं. मग एकेक पोर त्यांच्याभोवती फिरून टेकडी बघून गेलं, आणि ते शिंक दाबून तसेच बसून राहिले.

"बाई," शेवटी ते म्हणाले, "पुढल्या वर्षी हा धडा इथंच घ्यायचा, आणि तुम्हीच. मी चपला घालून येईन."