तोर्केलच्या बोलक्या फळ्याची जोडणी

मित्रांनो, मी एक जुनी जोडणी आहे. म्हणजे संगणकात लिहिलेल्या साठ ओळी. पडद्यावरची बटणे सी नावाच्या संगणकभाषेत बांधलेली, त्यांना चालवणारा प्रोग्राम हास्केल भाषेतला. दोघांना एकमेकांचे शब्द कळत नाहीत. ते मी पोचवते.

स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या इंगेगेर्दबाईंनी मला लिहिले. त्यांचा भाऊ तोर्केल फेरीबोटीवर कामाला होता. अर्धांगवायूने त्याची वाचा गेली, म्हणून बाईंनी त्याच्यासाठी बोलका फळा केला. तो बटण दाबी, त्या बटणावरचा मजकूर मी आणून देई आणि फळा तो मोठ्याने म्हणे.

सी भाषा मजकुराची लांबी सांगत नाही. शेवटची खूण म्हणून ठेवलेले शून्य दिसेपर्यंत वाचत जायचे. त्यातून स्वीडिशमधली टिंबांची अक्षरे संगणकाच्या स्मृतीतली दोन-दोन घरे अडवतात, आणि मी प्रत्येक घराला एक अक्षर समजत होते. फळा भलतेच बरळला. तोर्केल डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"हसतोस काय? हेरिंग मासा हवाय की हातोडा?" म्हणत बाईंनी ती चूक सुधारली.

दुसरी चूक कुणाला दिसलीच नाही. बटणाचा मजकूर मागितला की सी त्याची नवी प्रत देते. वाचून झाल्यावर त्या प्रतीने अडवलेली जागा मोकळी करायची असते. मी करत नव्हते. प्रती साचत गेल्या.

एका रविवारी तोर्केलची मुलगी मालिन आली. दोन वर्षांचा अबोला होता.

"बाबा, अजून राग आहे?"

त्याने बटण दाबले. साचलेल्या प्रतींनी जागा संपून फळा गोठला होता. तो काचेवर तळहात आपटू लागला.

"कळलं. जाते मी."

इंगेगेर्दबाई जिन्यात धावल्या. "अगं मालिन, थांब! तो नाही गं, माझा फळा अडकलाय!"

ट्राम सुटली होती.

बाईंनी त्याच दिवशी माझ्यात जागा मोकळी करणारी एक ओळ घातली. पण तोर्केलने फळ्याला हात लावला नाही. कितीतरी आठवडे मी नुसती वाट पाहत राहिले. बाईंचे पत्र वाचून मालिन ईस्टरला परत आली आणि तिने तेच विचारले. त्याने फळा जवळ ओढला. मग त्याने बटण दाबले.

"नाही. जेवून जा," फळा म्हणाला.

पुढे तोर्केल वारला. आता असल्या जोडण्या यंत्रच बनवते. कुणी बोलावल्याशिवाय मला एक अक्षरही आणता येत नाही, आणि नऊ वर्षांत कुणी बोलावलेले नाही.

मित्रांनो, मागून घेतलेली जागा काम झाले की मोकळी करा. आणि एखादी जुनी ओळ पुसायची असेल तर खुशाल पुसा. फक्त आधी एकदा वाचा.