लाल जाकिटाची मुकी बाही

मी एक जुने लाल जाकीट आहे, टोपडे असलेले. मित्रांनो, लाल टोपडे, आजी आणि लांडगा म्हटले की तुम्ही नाक मुरडाल. ही गोष्ट आम्हाला पाठ आहे म्हणाल. असेलही. पण ती सांगणाऱ्यांपैकी त्या खोलीत कुणी नव्हते. मी होते, आणि तेही मुलीच्या अंगावर. तेव्हा जरा दमाने घ्या.

माझा जन्म बचाव पथकाच्या शिवणखोलीत झाला. आमच्या वस्तीभोवती धुळीची वादळे उठतात. वादळ सरले की रस्ते, गाड्या, कधी माणसेसुद्धा धुळीखाली गेलेली असतात. त्यांना शोधणाऱ्या जवानांसाठी आम्हाला शिवत. माझ्या उजव्या बाहीच्या अस्तरात केसासारख्या बारीक तारा आहेत. त्यांना माणसाच्या अंगाची ऊब कळते. जिवंत माणूस असेल त्या दिशेला हात केला की बाही थरथरते. मध्ये धूळ असो की फरशी, माझे काही अडत नाही. मला बोलता येत नाही, पण माणूस आहे की नाही, एवढे मी अचूक सांगते.

मला शिवले ते एका बाईने. पथकाचे सगळे शिवणकाम तिच्याच हातचे असे. त्या पथकात एक रीत होती. बाहेरून कुणी आले की पहिला शब्द बोलायचा तो जाकिटाच्या गळ्याच्या कडीबद्दल, कारण कडी सैल राहिली तर धूळ छातीत जाते. 'कसा आहेस' नंतर, 'कडी लावलीस का' आधी. त्या बाईच्या हे इतके अंगवळणी पडले होते की जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हाही तिने थेट त्याच्या गळ्याला हात घातला. तो बिचारा दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

एका जवानाच्या अंगावर मी पुष्कळ वर्षे राबले. मी दाखवलेल्या जागी खणून कितीतरी माणसे वर काढली गेली. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने माझ्या बाहीचा मुका घेतला होता. ते आठवले की अजून माझी शिवण फुलते. पुढे माझी पाठ फाटली आणि मला टाकून द्यायचे ठरले. तेव्हा त्या बाईने मला घरी नेले, कापून लहान केले, टोपडे जोडले आणि नातीला घातले. नातीचे नाव पडले टोपडी. बाईही मग सगळ्यांची आजीच झाली, म्हणून मीही तिला आजीच म्हणते.

लहानपणी टोपडी मला अंगावरून काढू देत नसे. पण ती मोठ्या शाळेत गेली आणि माझे दिवस फिरले. भरलेल्या वर्गात बाही सारखी थरथरायची, मुले खिदळायची. एके दिवशी तिने मनगटाशी असलेले माझे बटण बंद केले आणि त्यावर काळ्या दोऱ्याने टाके घातले. मी मुके झाले. मग दारामागच्या खुंटीवर, पिशव्यांच्या खाली माझी रवानगी झाली. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

आजी तेव्हा वस्तीच्या टोकाला रोपवाटिका सांभाळत एकटी राहत होती. सोबतीला एक घरकाम करणारे यंत्र होते. करड्या रंगाचे, तोंड पुढे आलेले, जमिनीवर दिसेल ते गिळून साफ करणारे. आजी त्याला लांडगा म्हणायची. टोपडीची आई रुग्णालयात परिचारिका. ती रोज संध्याकाळी फोन करून आजीची उलटतपासणी घ्यायची. गुडघा कसा आहे, खोकला कसा आहे, जेवलीस का. आजीने एक युक्ती काढली. फोन उचलायला लांडग्याला आपला आवाज शिकवला आणि बजावून ठेवले, "कुणीही विचारलं तर मी बरी आहे म्हणायचं. माझ्या लेकीला काळजी वाटेल असं एक अक्षर बोलायचं नाही." लेकीला त्रास नको, एवढाच तिचा हेतू होता.

मग एक मोठे वादळ येऊन गेले. आईने फोन केला. आजी बरी होती. तरी आईने दुसऱ्या दिवशी टोपडीला औषधांची पिशवी देऊन पाठवले.

"जाकीट घाल."

"आई, ते आखूड होतं मला. सगळे हसतात."

"हसू देत. हसणारे काही तुला धुळीतून काढायला येणार नाहीत. आणि सरळ जा, वाटेत मैत्रिणीकडे टेकू नकोस."

ती टेकलीच. पोहोचेपर्यंत ऊन उतरले होते.

घरात अंधुक होते. खाटेजवळ आजीची शाल पांघरून कुणीतरी बसले होते.

"ये गं बाळा, दार उघडंच आहे," आवाज आला.

"आजी, दिवा का नाही लावलास?"

"अंधारच बरा वाटतो गं."

"आवाज बरा गोड झालाय तुझा."

"तू आलीस ना, म्हणून."

टोपडी दारातच थांबली. तिचा हात आपोआप गळ्याशी गेला. "आजी, तू कडीचं विचारलं नाहीस."

मग तोच गोड आवाज, "मी बरी आहे. अजिबात काळजी करू नकोस."

फोनवर कडीचे कुणी विचारत नाही, मित्रांनो. त्यामुळे आजीने तेवढे लांडग्याला शिकवलेच नव्हते.

टोपडीने शाल ओढली. खालून लांडग्याचे करडे तोंड निघाले; खाटेवरची शाल घसरून त्याच्यावर पडली होती. ती ओरडली नाही.

"आजी कुठे आहे?"

"मी बरी आहे."

"अरे, ती आहे कुठे?"

"मी जेवले. गुडघा छान आहे."

काहीही विचारले तरी हेच. तो हुकमाचा ताबेदार, दुसरे काय बोलणार? टोपडीने घर पालथे घातले, रोपांच्या काचघरात हाका मारल्या. मग तिचे माझ्याकडे लक्ष गेले. तिने मनगट तोंडाशी नेले आणि ते काळे टाके दातांनी तटातटा तोडले. बटण दाबले. मला वाटले, इतक्या वर्षांनी जमेल का आपल्याला? खाटेकडे हात केला, काही नाही. लांडग्याकडे केला, काही नाही. काचघराकडेही नाही. माझा धीर सुटत चालला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिचा हात खाली गेला आणि मी थरथरले. अगदी मंद, पण थरथरले.

तिथे रोपांच्या ट्रेची उतरंड रचलेली होती. टोपडीने ट्रे भराभर बाजूला फेकले. खाली तळघराचे झाकण होते. आजी बी आणायला उतरली तेव्हा फळी कोसळून तिचा पाय अडकला होता आणि झाकण आपटून बंद झाले होते. लांडग्याने नेटकेपणाने झाकणावर ट्रे रचले आणि आदल्या दिवसापासून तो सगळ्यांना आजी बरी असल्याचे सांगत होता. रोपांना पाणी देणाऱ्या पंपाच्या आवाजात तिच्या हाका विरून गेल्या होत्या.

टोपडीने झाकण उचलले. आतून गार हवा आली आणि मागोमाग बसलेल्या घशातला खरखरीत आवाज, "गळ्याची कडी लावलीस का?"

टोपडी पायरीवर मटकन बसली आणि हसता हसता रडू लागली. "लावली गं आजी, लावली." इतका खडबडीत आवाज मी कधी ऐकला नव्हता आणि इतका गोडही नाही.

तिने मला काढून आजीला पांघरले आणि आईला फोन केला. रुग्णवाहिकेतून आई स्वतः आली. फळी उचलली, पाय सोडवला. पाय मोडला होता, पण जोडण्यासारखा होता. जीव वाचला होता. आईने आजीला जवळ घेतले, मग मनसोक्त रागावली, मग परत जवळ घेतले. आजीने सगळे निमूटपणे ऐकून घेतले. बरी झाल्यावर तिने लांडग्याकडून आपला आवाज काढून घेतला. आता तो स्वतःच्या घोगऱ्या आवाजात फोनवर चहाड्या सांगतो, "आजीने आज औषध घेतलेले नाही." आजी त्याला मेल्या म्हणते, पण काढून टाकत नाही.

टोपडी आता बचाव पथकात शिकते. तिला नवे जाकीट मिळाले आहे. मी आजीच्या दाराशी खुंटीवर असते आणि माझ्यावर पिशव्या ठेवायची कुणाची हिंमत नाही.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मला जपणारे आहेत. पण तुमच्याही घरी लांबून कुणीतरी रोज 'मी बरी आहे' म्हणत असेल. तुम्ही फोन ठेवता आणि मोकळे होता. त्यांच्याकडे एकदा जाऊन या, अंधार असला तर दिवा लावा आणि हात हातात घेऊन बघा. ऊब लागली की तुम्हालाही माझ्यासारखेच हायसे वाटेल.

आणि निघताना गळ्याची कडी लावा.