हातभर अंतर

आत्याचा गिऱ्हाइकांसाठी एकच नियम होता: रफू केलेलं कापड हातभर लांबूनच बघायचं. फाटका कोट असो की कुरतडलेली शाल, काम झालं की ती हात ताठ करून कापड समोर धरायची आणि म्हणायची, "शोधा." कुणालाही सापडायचं नाही. कुणी वाकून जवळ आलंच तर म्हणायची, "रस्त्यात तुम्हाला नाकाला नाक लावून कोण बघणार आहे?"

ती स्वतः मात्र काम अगदी नाकाला लावूनच करायची. बाटलीच्या बुडासारखा चष्मा कपाळावर चढवायचा आणि कापड थेट चेहऱ्याशी. लांबचं तिला लहानपणापासून धड दिसायचं नाही, पण जवळचं म्हणाल तर मुंगीने पैंजण घातले असते तरी तिने मोजले असते. बाबा चिडवायचे, "शिवतेस की हुंगतेस?"

मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला.

डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. आत बसवायचं भिंग एकाच अंतराचं असतं. लांबचं बसवलं तर जवळच्या कामाला चष्मा, जवळचं बसवलं तर लांबच्याला. "तुम्ही काम कसं धरता, दाखवा बरं."

आत्याने पिशवीतून रुमाल काढला आणि हात ताठ करून समोर धरला. चार माणसांपुढे कापड असंच धरायचं, हे तिच्या हाडात मुरलेलं.

"अगं, असं नाही," मी म्हटलं. शाळेच्या वादविवादात नुकतीच पहिली आले होते, त्यामुळे हल्ली माझं तोंड मलाही आवरत नव्हतं. "डॉक्टर, ती कापड नाकाला लावून..."

"गप बस गं, शहाणे," बाबा म्हणाले. "लांबचंच बसवा, डॉक्टर. किती वर्षं सुईत डोळे घालणार ती? रस्ता दिसायला लागला की बाजारहाट तरी करेल."

मी आत्याकडे पाहिलं. परक्या बाईसमोर रुमाल हुंगून दाखवायची तिला लाज वाटत होती.

"दादा म्हणतो तेच बरोबर," ती म्हणाली.

पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा तिने समोरच्या इमारतीवरची पाटी धडाधड वाचली. मग माझ्याकडे वळून, "नाकावर केवढी पुटकुळी गं तुझ्या." आम्ही खूप हसलो. जवळच्या कामाचा चष्मा आला तशी ती एक रेशमी शाल घेऊन बसली. नाकाशी नेली, लांब धरली, चष्मा लावला, काढला. त्यातून पेपर वाचता येत होता, पण नाकाशी आणलेलं सगळं धूसर. धाग्यापासून धागा वेगळा होत नव्हता. शाल तिने तशीच परत पाठवली.

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी तिने बाबांना बाहेर बसवलं. आत गेल्या गेल्या रुमाल काढून नाकाला लावला.

डॉक्टरबाईंनी पहिल्या डोळ्याचे कागद पुन्हा काढून बघितले. मग म्हणाल्या, "अहो, हे तेव्हा सांगायचं. आता इतकं जवळचं बसवलं तर दोन डोळ्यांचं एकमेकांशी जमणार नाही. मधलं काहीतरी बसवू."

मधलं म्हणजे जाड लोकरीपुरतं. रेशीम गेलं, ते गेलंच.

तिने पहिलं काम घेतलं ते बाबांच्याच कोटाचं. कोपराशी कसर लागली होती. आठवडाभर ती त्या एका भोकाशी झुंजली. मग बाबांना बोलावलं आणि हात ताठ करून कोट समोर धरला.

"शोध."

बाबांनी कॉलर बघितली, खिसे बघितले, बाही बघितली.

"छे, काही कळत नाही गं. होतं कुठे भोक?"

आत्या कोटाकडे बघतच नव्हती. ती बाबांच्या तोंडाकडे बघत होती.

"कोपराशी अडकले तुझे डोळे, दादा," ती म्हणाली. "आणि मग पटकन खाली गेले. एवढं लांबचं आता मला छान दिसतं."

तिने कोट त्यांच्या हातात दिला आणि बाजाराची पिशवी घेऊन चपला शोधायला लागली.