धाकटीची अक्षरं

छापखान्यांसाठी अक्षरांचे शिशाचे खिळे ओतणाऱ्या त्या म्हाताऱ्याला सगळे ओळंबा म्हणत. वाकडं म्हणून काही त्याला खपतच नसे. भिंतीवरचं कॅलेंडर जरा कललं तरी त्याला जेवण गोड लागायचं नाही. बायको म्हणे, बरं झालं लग्नात मी ताठ उभी राहिले, नाहीतर माघारी पाठवली असती.

धाकटी लेक त्याच्याच हाताखाली शिकली. पोलादाच्या कांडीवर उलटं अक्षर कोरायचं, तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करायचा आणि साच्यात शिसं ओतायचं. कोरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्वतःच्या वळणाचा अख्खा संच तिने करायला घेतला, तोही घरच्या शिस्तीने, वर्णमालेच्या क्रमाने. पुढचं अक्षर आधी कोरलेलं ओळंब्याला चालत नसे. ह कोरून झाला आणि ती गेली. दुखणं डॉक्टरांपर्यंत पोचलं तेव्हा फार उशीर झाला होता.

ळ, क्ष आणि ज्ञ तेवढे राहिले होते. ते कोरून संच पुरा करायचा, तिचं एवढं तरी मागे राहावं, या एका इच्छेवर म्हातारा दिवस काढत होता. तिच्या अक्षरांवर भिंग धरून त्याने तिचं वळण गिरवलं, ठसे कोरले, खिळे ओतले आणि ओळखीच्या छापखानेवाल्याकडून सगळी वर्णमाला एका कागदावर छापून आणली.

कागद पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली. शेवटची तिन्ही अक्षरं वाकडी दिसत होती. पट्टी लावली तर ती सरळ निघाली. कलली होती त्यांच्या आधीची. पट्टी तो मागे मागे सरकवत गेला. ह, स, ष, सगळी एका अंगाला झुकलेली. ट आला तेव्हा कुठे अक्षर ताठ झालं. हा कल त्याने तेव्हाही पाहिला होता. दर ठशाला तिला सुनावलं होतं, पाठीला कणा आहे ना, नीट बस.

बायको भाजी निवडत होती. तिच्यापुढे कागद धरून त्याने विचारलं, ट झाल्यावर काय झालं होतं. तिचे हात थांबले.

"तेव्हापासून तिच्या कुशीत कळ यायची. त्या अंगावर रेलून बसलं की जरा बरं वाटायचं तिला."

"मला का नाही सांगितलंस?"

"शपथ घातली होती तिने. म्हणाली, बाबा काम बंद करतील. संच पुरा होऊ दे, मग सांगू."

त्या रागावण्याचा एकेक शब्द आता त्याला टोचत होता.

छापखानेवाला भला माणूस. झुकलेली अक्षरं तुम्हीच सरळ करून घ्या, तुम्हाला काय अवघड आहे, असं त्याने सुचवलं. ओळंब्याने ऐकलं नाही. स्वतःच्याच तीन अक्षरांचे खिळे त्याने कढईत वितळवले, ठसे भंगारात टाकले आणि नवी कांडी घेतली. कुशीवर भार टाकून, तिच्यासारखा रेलून, तो ळ कोरायला बसला. हात सवयीने सरळ जाऊ बघत होता, तो त्याला वळवत होता. ळची पहिली गाठ होईस्तोवर त्याची बरगडी भरून आली, मान अवघडली, आणि आता उठावं असं त्याला वाटलं.

ती अशी ठपासून हपर्यंत बसली होती.