मॅडमचा शब्द

मी एक खेळ आहे. पट नाही, सोंगट्या नाहीत. कॉलेजच्या लॅबमध्ये कॉम्प्युटरच्या पडद्यावर मला खेळतात. उद्या नोकरीत लोकांची माहिती हाताळायची तर ती जपायची कशी, हे पोरांना कळावं म्हणून मॅडमनी मला घडवलं. अख्खी सुट्टी खपल्या बिचाऱ्या. शेजारी चहा गार व्हायचा, त्यांना पत्ता नसायचा.

मी प्रसंग समोर ठेवायचो. मैत्रिणीचा फोन उघडा सापडला, काय कराल? खेळणाऱ्यानं उत्तर निवडायचं, कारण लिहायचं. मग पुढे काय घडतं ते मी दाखवायचो.

"इथलं कुणाला कळणार नाही," मॅडम म्हणाल्या. "तेव्हा बिनधास्त चुका."

पोरं चुकली, भांडली, पुन्हा खेळली. खिडकीजवळ एक अबोल मुलगी बसायची. बहिणीचे मेसेज चोरून वाचाल का, यावर तिनं 'हो' निवडलं. खाली लिहिलं, 'ताई न सांगता घर सोडून गेली. वाचले असते तर अडवता आलं असतं.'

पुढे नोकऱ्या द्यायला कंपनीची माणसं येणार होती. प्राचार्य लॅबमध्ये आले.

"सचोटीचं कोण, ते तुमच्या खेळात दिसतंच की. द्या ती उत्तरं त्यांना."

"नाही सर. मी मुलांना शब्द दिलाय."

"अहो, मशीन कॉलेजचीच ना?"

मॅडम बधल्या नाहीत. पण त्या घरी गेल्यावर प्राचार्यांनी माणूस पाठवला आणि माझ्या पोटातलं सगळं नावांसकट काढून नेलं. मला 'नाही' म्हणता येत नाही.

मुलाखतीहून ती मुलगी थेट मॅडमकडे आली.

"मॅडम, त्यांनी ताईबद्दल, तिच्या मेसेजबद्दल विचारलं. चारचौघांत. त्यांना कसं कळलं?"

मॅडमनी मला उघडून पाहिलं; उत्तरं काढून नेल्याची नोंद तिथंच होती.

"आईलासुद्धा मी हे बोलले नव्हते," ती म्हणाली आणि निघून गेली. पुन्हा काही ती लॅबमध्ये आली नाही.

मॅडमनी त्याच दिवशी माझी साठवण पुसून टाकली. "जपायला शिकवत होते," त्या पुटपुटल्या, "मुळात साठवायचंच कशाला, हे मलाच सुचलं नाही."

आता माझ्यात काहीच साठत नाही. मॅडम तसं सांगतातही. पण झाला प्रकार नव्या पोरांच्या कानावर आलेला असतो. माना डोलावतात, एकजात बरोबर उत्तरं देतात आणि उठून जातात. कारणाच्या जागी सगळ्यांचं एकच वाक्य: 'कारण ते योग्य आहे.'

बाबांनो, एकदा तरी मनातलं लिहा, असं सांगावंसं वाटतं. पण कुठल्या तोंडानं सांगू?