सोडते हं, थोड्या वेळानं

बेशुद्ध माणसाशी बोलत बोलत काम करायची मला खोड आहे. "काका, कूस बदलते हं." "काका, घसा साफ करते, जरा त्रास होईल." आयसीयूतल्या बाकीच्या नर्स हसतात. घरी नवरा ऐकत नाही म्हणून ही इथे हौस भागवते, म्हणतात.

शिंपीकाकांशी मी सगळ्यात जास्त बोलले. न्यूमोनियानं त्यांची फुफ्फुसं पार कामातून गेली होती. तोंडात श्वासाची नळी, अंगात औषधाची गुंगी. गुंगी जरा उतरली की हात थेट नळीवर. एकदा त्यांनी ती ओढून काढली आणि डोळ्यांदेखत निळे पडले. नळी परत बसेपर्यंत मी त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले. मग डॉक्टरांनी हात बांधायला सांगितले. सांगणारे ते, बांधणारी मी. मनगटाला कापडी पट्टी, दुसरं टोक पलंगाला, आत दोन बोटं जातील एवढी सैल. अधूनमधून सोडायची, मनगट चोळायचं, परत बांधायची. दर वेळी मी म्हणायचे, "सोडते हं काका, थोड्या वेळानं सोडते." माझी लेक एकदा म्हणालीसुद्धा, "आई, माझ्याशी नाही तू एवढं बोलत."

काका वाचले. मी मात्र पार पिचले होते. नोकरी सोडायचं नक्की केलं, इन्चार्ज सिस्टरना सांगूनही टाकलं. त्या म्हणाल्या, "शिंपीकाका भेटायला येतायत. त्यांना एकदा डोळे भरून बघ, मग काय ते ठरव."

काका काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी आयसीयूत आले. माझं काळीज सुपाएवढं झालं. डॉक्टरांसाठी त्यांनी अंदाजानं शर्ट शिवून आणला होता. डॉक्टरांनी तो तिथेच अंगाला लावून बघितला.

"अहो, आणि ह्या सिस्टर," काकू म्हणाल्या. "तुमचं सगळं ह्यांनीच केलं."

"कसे आहात काका?" मी विचारलं.

आवाज ऐकला मात्र, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हात पाठीमागे गेले, काठी खाली पडली.

"हीच ती," ते काकूंना म्हणाले. "रोज म्हणायची, सोडते. कधी सोडलं नाही हिनं. चल इथून."

काकू ओशाळल्या, काठी उचलून त्यांच्यामागे धावल्या. "गुंगीच्या औषधांनी होतं असं, मनावर घेऊ नका," डॉक्टर म्हणाले आणि शर्ट काखेत मारून निघून गेले. शर्ट त्यांना, मनावर न घेणं माझ्या वाट्याला!

रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला. काकांचाच आला, खोटं कशाला बोलू? ते हात सुई धरायला शिल्लक राहिले ते कुणामुळे?

तेवढ्यात शेजारच्या पलंगावरच्या आजींचा हात नळीकडे गेला. मी धावत जाऊन तो धरला.

"मग, राजीनाम्याचं काय ठरवलंस?" इन्चार्ज सिस्टरनी मागून विचारलं.

"आधी पट्टी द्या."

पट्टी बांधली. आत दोन बोटं घालून बघितली. जुनं वाक्य जिभेवर आलं होतं, ते गिळलं.

"सोडणार नाही, आजी," मी त्यांच्या कानाशी म्हटलं. "आधी बऱ्या व्हा. मग मला ओळखा, आणि खुशाल शिव्या घाला."