रिकाम्या रकान्यातला भाऊ

मी एक साचा बोलतोय. विटांचा नव्हे, मेणबत्त्यांचाही नव्हे. मी वेबपेजचा साचा आहे. म्हणजे तशी एक फाइलच, आणि माझं वजन एका शिंकेपेक्षाही कमी. मला कुणी हातात धरू शकत नाही आणि माझ्यावर धूळही बसत नाही. तरी माझ्या आयुष्यात एक कुत्रा, एक ओला टॉवेल आणि चौदा फोन येऊन गेले. म्हणून वाटलं, आपणही चार शब्द बोलावेत.

माझा जन्म एका घराच्या मागच्या खोलीत झाला. खोलीत समोरासमोर दोन टेबलं होती. खिडकीजवळच्या टेबलाशी बहीण बसायची. पान कसं दिसावं, हे ती ठरवायची. भिंतीजवळच्या टेबलाशी तिचा मोठा भाऊ बसायचा. पानाने काय काम करावं, हे तो ठरवायचा. ती त्याला दादा म्हणायची, तो तिला बबडी म्हणायचा. ती सव्वीस वर्षांची होती, पण बबडीपणातून तिची सुटका झाली नव्हती.

माझ्या आधीचे साचे फार दुःखी होते. दादा त्यांच्यात जागोजागी कंस आणि आज्ञा खुपसून ठेवायचा. बबडीने असा साचा सरळ ब्राउझरमध्ये उघडला, तर पान दिसायचंच नाही, नुसते कंस दिसायचे. मग ती अंदाजाने काहीतरी हलवायची आणि त्यात एखादा कंस गळून पडायचा. एकदा अशाने बुटांच्या एका दुकानाच्या पानावर तीन दिवस फक्त डावे बूट विकायला होते.

"दादा, तू परत माझ्या पानात काटे पेरलेस."

"काटे नाहीत ते, कंस आहेत. आणि त्यातला एक तू खाल्लास."

"मी फक्त बटण सरकवलं."

"किती?"

"केसभर."

"त्याच केसाने माझा गळा कापलास, बबडे."

मग आई चहा घेऊन यायची. चहा सांडेल या भीतीने तेवढा वेळ भांडण थांबायचं. आईचं म्हणणं होतं की दोघांच्या मध्ये एक पडदा लावावा. दादा म्हणाला, पडदा लावला तरी बबडी तो केसभर सरकवत बसेल.

शेवटी दादाने एक नवं इंजिन आणलं. धूर सोडणारं नव्हे. साच्यात खरी माहिती ओतून पान तयार करणाऱ्या प्रोग्रामला इंजिन म्हणतात. या इंजिनाची रीत वेगळी होती. शिंपी जसा कापडाच्या आतल्या बाजूला खडूने खुणा करतो, तशा दादाने आपल्या आज्ञा माझ्या आतल्या बाजूला बारीक खुणा करून लिहायच्या. ब्राउझरला त्या खुणा कळत नाहीत, त्यामुळे तो त्यांच्याकडे लक्ष देत नाही. बाहेरच्या बाजूला बबडीने नमुन्याचा मजकूर लिहायचा, नमुन्याची चित्रं लावायची आणि मला हवं तेव्हा उघडून पाहायचं. मी तिला पूर्ण पानासारखा दिसणार. पुढे इंजिन चालू झालं, की ते नमुना पुसून त्या जागी खरी माहिती भरणार.

तर या इंजिनासाठी तयार झालेला मी पहिला साचा. माझ्या अंगावर एकही काटा नव्हता. बबडीने मला पहिल्यांदा उघडलं आणि ती खुर्चीत मागे टेकून म्हणाली, "अगदी माणसासारखा दिसतोय." मी आतल्या आत फुगलो. माझं वजन तेव्हा निदान दोन शिंका झालं असेल.

मला ज्या कामासाठी बनवलं, ते काम प्राण्यांच्या एका डॉक्टरबाईंचं होतं. त्या बेवारस कुत्र्यांसाठी एक निवारा चालवत होत्या. तिथे बारा कुत्रे होते आणि निवाऱ्याची जागा शनिवारी रिकामी करायची होती. तोपर्यंत ज्याला घर मिळणार नाही, त्याची रवानगी दूरच्या एका मोठ्या निवाऱ्यात होणार होती. तिथे दोनशे कुत्रे होते. तरुण कुत्र्यांचं तिथे निभावलं असतं. पण बाराव्याचं, ढब्बूचं, काही खरं नव्हतं. ढब्बू चौदा वर्षांचा होता. त्याचा एक कान उभा राहायचा आणि दुसरा कधीच राहायचा नाही. डॉक्टरबाईंनी त्याला स्वतःच्या घरी नेऊन पाहिलं होतं, पण त्यांच्या घरी सात मांजरी होत्या. ढब्बू दोन दिवस कपाटामागे बसून राहिला.

माझ्या पानावर प्रत्येक कुत्र्यासाठी फोटो, नाव, वय आणि स्वभाव असे चार रकाने होते. बबडीला त्यांत नमुना भरायचा होता.

"स्वभावात काय लिहू?" तिने विचारलं.

"काहीही लिही. इंजिन सगळं पुसून टाकतं. कुणी वाचणार नाही."

"काहीही?"

"काहीही गं. डोकं नको खाऊस."

नेमका त्या दिवशी सकाळी बबडीला तिच्या खुर्चीवर दादाचा ओला टॉवेल सापडला होता. त्या महिन्यात सातव्यांदा. ती त्यावर बसलीही होती. तिने बोटं मोडली आणि टाइप करायला घेतलं.

'जेवल्यावर ताट उचलत नाही. हाक मारली की येत नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपतो. ओला टॉवेल दुसऱ्याच्या खुर्चीवर टाकतो. दूध संपवून रिकामं भांडं फ्रिजमध्ये परत ठेवतो. विचारलं तर भोळा चेहरा करून दुसरीकडे बघतो.'

इथे ती थांबली. राग बहुतेक संपला होता. तिने खिडकीबाहेर पाहिलं, मग समोर पाहिलं. दादा पेन्सिल कानात घालून खाजवत होता. मग तिने हळूहळू आणखी एक वाक्य लिहिलं.

'पण कुणी रडत असलं, की काही न बोलता शेजारी येऊन बसतो आणि उठून जात नाही.'

हे वाक्य लिहिताना तिची बोटं एवढी हलकी पडत होती, की मला ते जेमतेम ऐकू आलं.

आता दादाने काय केलं ते सांगतो, कारण सगळा घोळ तिथे आहे. काही कुत्र्यांचे फोटो अजून आले नव्हते. बबडीने फोटोच्या जागी नमुना म्हणून हाडकाचं एक झकास चित्र काढलं होतं. दादाला ते आवडलं. त्याने फोटोच्या रकान्यात खूण केली, 'खरी माहिती नसेल, तर आहे तेच राहू दे.' इथपर्यंत ठीक होतं. पण तीन निराळ्या खुणा कोण लिहीत बसणार, म्हणून त्याने तीच खूण उचलून नाव, वय आणि स्वभाव या रकान्यांतही चिकटवली. मला ते जाणवलं. पण साच्याला ओरडता येत नाही.

सोमवारी पान लोकांसाठी सुरू झालं. डॉक्टरबाईंनी अकरा कुत्र्यांचे स्वभाव मन लावून लिहून पाठवले होते. चपळ, लाघवी, मुलांशी खेळणारा. ढब्बूच्या स्वभावाचा रकाना मात्र त्यांनी रिकामा ठेवला. इंजिन माझ्यापाशी आलं, ढब्बूचा फोटो लावला, नाव लावलं, वय लावलं. स्वभावापाशी त्याला काहीच मिळालं नाही. त्याने माझी खूण वाचली, 'आहे तेच राहू दे,' आणि ते पुढे निघून गेलं. इंजिन फार आज्ञाधारक असतं. विनोद त्याला कळत नाही.

गुरुवारपर्यंत अकरा कुत्र्यांना घरं मिळाली. त्या दुपारी डॉक्टरबाई स्वतःच मागच्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या. बरोबर ढब्बू होता. बबडीच्या संगणकाच्या पडद्यावर मी उघडा होतो, त्यामुळे मला सगळं दिसत होतं.

"ढब्बूसाठी चौदा फोन आले," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"अरे वा," दादा म्हणाला.

"वा काय? एकाने विचारलं, हा फ्रिज उघडतो कसा. एक बाई म्हणाल्या, कुत्रा टॉवेल वापरतो हे आम्हाला फार आवडलं, आमचा मुलगा वापरत नाही. मला कळेना, ही माणसं बोलतायत कुठल्या कुत्र्याबद्दल."

दादाने आपल्या यंत्रावर पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागला. "जेवल्यावर ताट उचलत नाही. हाक मारली की येत नाही." टॉवेलापाशी त्याचा आवाज बारीक झाला. दुधाच्या भांड्यापाशी तो थांबला आणि मनातल्या मनात वाचू लागला. एव्हाना आई चहा घेऊन आली होती. तिने त्याच्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "अगं, हा तर आपलाच."

बबडीचा चेहरा उतरला. "तू म्हणाला होतास, इंजिन पुसतं."

"पुसतं. पण रकाना रिकामा होता." दादा डॉक्टरबाईंकडे वळला. "तुम्ही स्वभाव का नाही लिहिलात?"

"काय लिहू? म्हातारा आहे, हळू चालतो, ऐकू येत नाही. एवढं वाचून कोण नेणार? आणि खोटं लिहवेना." त्यांनी खुर्ची ओढली. "मी फोनवर खरं सांगितलं, तर तेरा जणांनी हसून फोन ठेवला. चौदाव्या बाई मी काही सांगायच्या आतच म्हणाल्या, उद्या येऊन बघते. त्यांनाही कळलं की थट्टा होती, तर त्यासुद्धा यायच्या नाहीत. आणि परवा शनिवार."

बबडी रडू लागली. आवाज न करता, मान खाली घालून. ती म्हणाली, "माझ्यामुळे त्याचं हसं झालं. एवढी एकच संधी होती त्याची."

ढब्बू दाराशी आडवा पडला होता. तो उठला. उठायला त्याला वेळ लागला, कारण त्याचे पाय एकदम उठत नसत, एकेक करून उठत. तो टेबलाला वळसा घालून आला, बबडीच्या पायाशी बसला आणि त्याने आपली हनुवटी तिच्या चपलेवर टेकली. दुसऱ्या बाजूला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दादा आपली खुर्ची घेऊन आला होता. तो काही बोलला नाही. शेजारी बसून तो पडद्याकडे पाहत राहिला, आणि पडद्यावर मी होतो, म्हणून मला सांगता येतं की तो शेवटचं वाक्य वाचत होता. एकदा नाही, तीनदा.

डॉक्टरबाई दोघांकडे बघत होत्या. म्हणजे कुत्र्याकडे आणि दादाकडे.

"मागच्या आठवड्यात मी निवाऱ्याची खोकी बांधताना रडत होते," त्या म्हणाल्या, "तेव्हा हा असाच येऊन बसला होता. हे वाक्य खोटं नाही. हे राहू द्या."

"ताट उचलत नाही, तेही खरंच आहे की," आई म्हणाली.

"हाक मारली की येत नाही, कारण ऐकू येत नाही," बबडीने डोळे पुसले. "कारणासकट लिहू या."

"टॉवेल काढा," दादा म्हणाला.

"टॉवेल ढब्बूचा काढते. तुझा तसाच आहे."

मग त्यांनी ढब्बूच्या रकान्यात पहिल्यांदाच त्याची स्वतःची माहिती भरली. चौदा वर्षांचा आहे, ऐकू येत नाही, हळू चालतो, दिवसभर झोपतो, मांजरींना घाबरतो. आणि शेवटी ते वाक्य जसंच्या तसं. दादाने आपली चिकटवलेली खूण तीन रकान्यांतून काढली. हाडकाचं चित्र राहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टरबाईंचा फोन आला. दादाने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. चौदाव्या बाई म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांना डॉक्टरबाईंनी आधीच सगळं खरं सांगून टाकलं, पहिला मजकूर एका बहिणीने आपल्या भावाबद्दल लिहिलेला होता, हेसुद्धा.

"मग?" बबडीने श्वास रोखून विचारलं.

"त्या म्हणाल्या, मला वाटलंच होतं, एवढे गुण कुत्र्यात नसतात. मग विचारलं, पण दिवसभर झोपतो हे नक्की ना? मी म्हटलं, नक्की. तर म्हणाल्या, द्या मग. माझा मुलगा दूर नोकरीला गेल्यापासून दुपारी घरात कुणी घोरत नाही."

"नेला?"

"त्यानेच त्यांना नेलं. गाडीपर्यंत पुढे चालत गेला. हळूहळू."

मागच्या खोलीत दादाने टेबलावर एक थाप मारली. चहा सांडला, पण त्या दिवशी कुणी काही बोललं नाही.

आता माझ्याकडे काम नाही. बारा कुत्र्यांना घरं मिळाली, निवारा बंद झाला, इंजिन माझ्याकडे फिरकत नाही. मी एका फोल्डरमध्ये पडून असतो. माझ्या धाकट्या भावंडांचं बरं चाललंय. एक दातांच्या दवाखान्यात आहे, एक बुटांच्या दुकानात, आणि तिथे आता उजवे बूटसुद्धा मिळतात. त्यांच्यात नमुना म्हणून बबडी 'मजकूर मजकूर मजकूर' असं शहाण्यासारखं लिहिते.

पण मला अशा रीतीने बनवलंय, की मला उघडायला इंजिन लागत नाही. कुणीही यावं, सरळ उघडावं आणि नमुना वाचावा. माझ्या स्वभावाच्या रकान्यात तो अजून आहे, टॉवेलासकट. मधे एका दुपारी बबडी बाहेर गेलेली असताना दादाने मला उघडलं. शेवटचं वाक्य वाचलं. मग तो उठला, तिच्या खुर्चीवरचा ओला टॉवेल उचलला आणि बाहेर दोरीवर नेऊन टाकला. दुसऱ्या दिवशी टॉवेल परत खुर्चीवर होता. पण एक दिवस म्हणजे काही कमी नाही.

तेव्हा तुम्हाला एवढंच सांगायचंय. कधी एखाद्या पानावर भलत्याच जागी भलताच मजकूर दिसला, तर खुशाल हसा. फक्त हसून लगेच पान बंद करू नका. शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. लिहिणाऱ्याचा राग कधीकधी तिथपर्यंत पुरत नाही.